धूर, शाळा आणि सार्वजनिक प्रतिसाद : मुंबई ते माणगाव – एक ऐतिहासिक चिकित्सा (1912–2024)

प्रस्तावना

कारखान्याच्या धुराविषयीची तक्रार बहुधा शाळेपासून सुरू होते. प्रौढ माणूस खोकला अंगवळणी पाडून घेतो, कामगार रोजगाराच्या भयाने गप्प राहतो. परंतु वर्गात बसलेले मूल डोळे चोळू लागले की पालकांचा धीर सुटतो आणि ग्रामसभेत प्रश्न उभा राहतो. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात या तक्रारीला शासन, उद्योग व न्यायसंस्था यांनी कोणता प्रतिसाद दिला, हा अभ्यासाचा महत्त्वाचा विषय आहे. प्रस्तुत लेखात मुंबई आणि दक्षिण रायगडमधील माणगाव तालुका ही दोन टोके धरून या प्रतिसादाचा शंभर वर्षांचा प्रवास तपासला आहे. या प्रवासात शासनाने धूर कमी करण्यापेक्षा तो हलविण्यावर अधिक भर दिला आणि धूर हलवीत असताना वाटेतील शाळा कोठे आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

माणगावची निवड सहेतुक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी वीज पुरविणाऱ्या योजनेचा एक दुवा याच तालुक्यात होता. त्याच शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईबाहेर पाठविलेले उद्योग ज्या जिल्ह्यात वसले, त्यातही हा तालुका येतो. एकाच भूभागाने शहराचा धूर दूर करण्यास हातभार लावावा आणि पुढे त्याच भूभागाला उद्योगाच्या हवेची चिंता करावी लागावी, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाला विचारप्रवृत्त करणारा आहे.

1. दिसणारा धूर : 1912 चा कायदा आणि भिरा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई हे गिरण्यांचे शहर झाले होते. परळ, लालबाग, चिंचपोकळी या भागांतील धुराडी हे समृद्धीचे चिन्ह मानले जाई; परंतु त्याच धुराविरुद्ध नागरिकांच्या तक्रारीही वाढत गेल्या. कलकत्त्यात 1905 मध्ये धूर उपद्रवाविषयीचा कायदा झाला, त्यापाठोपाठ सन 1912 मध्ये मुंबई इलाख्यात ‘बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस अॅक्ट’ संमत झाला. या कायद्याचे लक्ष भट्टी, बॉयलर आणि त्यातून निघणारा काळा धूर यांवर होते. धुराच्या काळेपणाची छटा तक्त्याशी ताडून पाहणारी रिंगेलमान पद्धत त्या काळी जगभर प्रचलित होती. याचा अर्थ असा की, जे डोळ्यांना दिसते तेवढेच प्रदूषण, अशी त्या काळाची कल्पना होती. मोजमाप धुराड्याच्या तोंडाशी होत असे; तो धूर पुढे कोणाच्या छातीत जातो याची नोंद ठेवणारी व्यवस्था नव्हती.

याच सुमारास धुराला तांत्रिक पर्यायही पुढे आला. टाटा उद्योगसमूहाने सह्याद्रीचे पावसाळी पाणी साठवून ते कोकणच्या बाजूला उतरविण्याची आणि त्यापासून वीज निर्माण करण्याची योजना हाती घेतली. खोपोलीचे वीजगृह 1915 मध्ये, भिवपुरीचे 1922 मध्ये आणि भिऱ्याचे 1927 मध्ये कार्यान्वित झाले. यांपैकी भिरा माणगाव तालुक्यात आहे. मुंबईच्या अनेक गिरण्यांनी वाफेची इंजिने बाजूला सारून ही वीज घेतली, त्यामुळे शहरात जळणाऱ्या कोळशात घट झाली. मुंबईच्या हवेच्या इतिहासात धूर कमी करणारा हा खरोखरीचा उपाय होता; कारण येथे धूर लांब नेला नाही, तर त्याचे मूळच बदलले.

परंतु या उपायाचीही किंमत होती आणि ती शहराने मोजली नाही. भिऱ्याला पाणी पुरविणाऱ्या धरणासाठी मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली 1921 मध्ये सुरू झालेला मुळशी सत्याग्रह हा धरणविरोधी लढ्यांच्या इतिहासातील आरंभीचा लढा होय. शहराची सोय आणि ग्रामीण भागाचा त्याग यांचे जे नाते पुढे औद्योगिक धोरणात रूढ झाले, त्याची पहिली ठळक खूण येथे दिसते.

2. न दिसणारा वायू : ट्रॉम्बे आणि चेंबूर

स्वातंत्र्योत्तर काळात प्रश्नाचे स्वरूप पालटले. ट्रॉम्बे परिसरात 1954 व 1955 मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने, 1956 मध्ये औष्णिक वीजकेंद्र आणि 1965 मध्ये खत कारखाना सुरू झाला. या कारखान्यांतून बाहेर पडणारे सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे व अमोनिया हे वायू काळ्या धुरासारखे डोळ्यांना दिसत नव्हते. त्यामुळे 1912 च्या कायद्याची दृष्टी येथे अपुरी पडली. चेंबूरच्या रहिवाशांनी आपल्या उपनगराला ‘गॅस चेंबर’ हे नाव दिले. या उपहासात एक शास्त्रीय निरीक्षणही होते : जे दिसत नाही त्याचाच त्रास अधिक.

केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात लालबाग, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी एक ग्रामीण वस्ती यांचा आरोग्यविषयक अभ्यास हाती घेतला. अधिक प्रदूषित वस्त्यांत खोकला, धाप व श्वसनाच्या इतर तक्रारी ग्रामीण वस्तीपेक्षा अधिक आढळल्या. हवेच्या तक्रारीला रुग्णालयाच्या नोंदीचा आधार मिळाला, हे या अभ्यासाचे ऐतिहासिक महत्त्व होय. नागरिकाची तक्रार ‘भावना’ म्हणून बाजूला सारणे यानंतर तितके सोपे राहिले नाही.

शासनाचा प्रतिसाद मात्र प्रामुख्याने उंचीच्या भाषेत आला. इंधनातील गंधक जितके अधिक, तितके धुराडे उंच, असे सूत्र मानकांत रूढ झाले. 500 मेगावॉट वा त्याहून मोठ्या औष्णिक संचांसाठी 275 मीटर उंचीचे धुराडे आवश्यक ठरविण्यात आले. उंच धुराड्यामुळे पायथ्याशी वायूचे प्रमाण घटते हे खरे. पण वायूचे एकूण वजन घटत नाही, ते अधिक विस्तृत प्रदेशावर पसरते. धूर हलविण्याचा हा पहिला प्रकार होता.

तिसऱ्या पिढीपर्यंत हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. माहुल–अंबापाडा परिसरातील रहिवाशांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने डिसेंबर 2015 मध्ये निर्णय दिला. त्या प्रकरणात केईएम रुग्णालयाच्या पाहणीचा आधार घेण्यात आला होता. पाहणीतील सुमारे 67 टक्के रहिवाशांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले होते. पुढे जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून हटवून माहुलला पाठविलेल्या कुटुंबांच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये, त्यांना तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले. न्यायाच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे. तथापि इतिहासाच्या दृष्टीने त्यातून एक विसंगती पुढे येते : आधी धूर उंच नेला, मग तो दूर नेण्याचे धोरण आखले आणि शेवटी माणसे हलविण्याची वेळ आली.

3. उद्योगांचे स्थलांतर आणि माणगाव

धूर हलविण्याचा दुसरा प्रकार म्हणजे उद्योगांचे विकेंद्रीकरण. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 मध्ये झाली आणि 1964 पासून मागास भागांत जाणाऱ्या उद्योगांना सवलती देण्याची योजना सुरू झाली. या धोरणामागे रोजगाराच्या समतोल वाटपाचा हेतू होता आणि तो अनाठायी नव्हता. कोकणातील तरुण मुंबईच्या चाळीत जाऊन राहण्याऐवजी त्याला घराजवळ काम मिळावे, ही अपेक्षा रास्तच होती. तत्कालीन कुलाबा, म्हणजे 1981 पासूनच्या रायगड जिल्ह्यात तळोजा, पाताळगंगा, रोहा–धाटाव, महाड अशी औद्योगिक क्षेत्रे आकारास आली. त्यांत रासायनिक उद्योगांचा वाटा मोठा राहिला.

माणगाव तालुक्यात विळे–भागाड औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. तेथे 2012 पासून पोलाद प्रक्रियेचा मोठा प्रकल्प कार्यरत झाला. माणगावला महामार्ग आणि कोकण रेल्वेचे स्थानक दोन्ही लाभले आहेत, तर लोणेरे येथे 1989 पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्याअंतर्गत दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राची जी आखणी झाली, तीत माणगाव व रोहा या तालुक्यांतील जमीन येते. भूसंपादनाविरुद्ध येथील शेतकऱ्यांनी व सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी आवाज उठविला. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ज्या 12 औद्योगिक नगरांना मंजुरी दिली, त्यांत दिघीचा समावेश आहे. म्हणजेच माणगावच्या संदर्भात हा विषय केवळ गतकाळाचा नाही. कारखान्यांच्या जागांचे अनेक निर्णय अजून व्हावयाचे आहेत आणि गावोगावच्या शाळा मात्र पूर्वीपासून जागेवर आहेत.

येथील भूगोलही लक्षात घ्यावा लागतो. सह्याद्रीची भिंत पूर्वेस आणि किनाऱ्यालगतच्या टेकड्या पश्चिमेस असलेल्या खोऱ्यांत हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा तळाशी साचते व वरच्या उबदार थराखाली धूर कोंडला जातो. सूर्य वर आल्यावर हा थर विरतो. सकाळच्या शाळेची प्रार्थना आणि कवायत नेमकी या वेळेत होते. वर्षाची किंवा दिवसाची सरासरी काढणाऱ्या मोजणीत हे दोन तास हरवून जातात. मुलांच्या श्वासात मात्र ते हरवत नाहीत.

4. कायद्यातील मुलाचे स्थान

भोपाळची दुर्घटना डिसेंबर 1984 मध्ये घडली आणि भारतीय पर्यावरण कायद्याला वेग आला, हे सर्वश्रुत आहे. तत्पूर्वी 1981 मध्ये हवा प्रदूषण प्रतिबंधक अधिनियम झाला होता. 1986 मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियम आला. 1987 च्या दुरुस्तीने सामान्य नागरिकालाही साठ दिवसांची नोटीस देऊन हवा कायद्याखाली न्यायालयात तक्रार नेण्याचा मार्ग खुला केला. 1991 मध्ये सुभाष कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त हवा व पाणी हा जीविताच्या अधिकाराचा भाग मानला. ही प्रगती निःसंशय आहे. प्रश्न असा की, या साऱ्या रचनेत शाळेचे स्थान कोणते?

या संदर्भात इतर कायद्यांशी तुलना उद्बोधक ठरते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत शैक्षणिक संस्थांभोवती किमान 100 मीटरचे शांतता क्षेत्र कल्पिले आहे. 2017 च्या दुरुस्तीने त्याची घोषणा राज्य शासनावर सोपविली. तंबाखूविषयक 2003 च्या कायद्याने शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री मना केली. 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी नवा पेट्रोल पंप शाळेपासून सामान्यतः 50 मीटर दूर असावा असे सांगितले. म्हणजे शाळेजवळचा भोंगा, पानटपरी आणि पेट्रोल पंप यांचे अंतर मोजले गेले. सर्व उद्योगांना लागू होईल असे शाळेपासूनचे अंतर मात्र 1981 च्या हवा अधिनियमात नाही.

हवेच्या मानकांचा इतिहासही हेच सांगतो. 1994 च्या राष्ट्रीय मानकांत औद्योगिक, निवासी आणि संवेदनशील असे तीन विभाग होते. सल्फर डायऑक्साइडची चोवीस तासांची मर्यादा अनुक्रमे 120, 80 व 30 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होती. संवेदनशील क्षेत्र म्हणताना अभयारण्ये, थंड हवेची ठिकाणे, राष्ट्रीय स्मारके यांचा विचार प्राधान्याने होई. नोव्हेंबर 2009 च्या मानकांनी औद्योगिक व निवासी हा भेद पुसला आणि सर्वांसाठी ही मर्यादा 80 केली, हे स्वागतार्ह पाऊल होते. पण वेगळी ठेवलेली वर्गवारी पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांची होती. अरण्य आणि स्मारक यांना अधिक नाजूक मानले गेले. वाढत्या फुप्फुसांचे मूल ज्या वास्तूत दिवसाचे सहा तास बसते, ती वास्तू या वर्गात आली नाही.

शिक्षणाच्या कायद्यात उलट बाजूची उणीव आढळते. 2009 च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या परिशिष्टात वर्गखोल्या, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, क्रीडांगण व कुंपण यांचा उल्लेख आहे. भोवतालच्या हवेचा नाही. मुलाच्या घरापासून शाळा किती अंतरावर असावी याचे नियम झाले, धुराड्यापासून शाळा किती अंतरावर असावी हे मात्र कोणी ठरविले नाही. वस्तुतः कुंभकोणम येथील 2004 च्या अग्निकांडात 94 मुले मृत्युमुखी पडल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले होते. सुरक्षिततेची ही व्याख्या आगीपाशी थांबावी असे तिच्या तर्कात काहीही नाही.

याखेरीज पर्यावरण आघात मूल्यमापनाच्या 2006 च्या अधिसूचनेतील अर्जात प्रकल्पापासून 15 किलोमीटरच्या परिसरातील रुग्णालये, शाळा, प्रार्थनास्थळे अशा संवेदनशील स्थळांची माहिती मागविली जाते. म्हणजे शाळेचे नाव कागदावर येते. परंतु त्याच अधिसूचनेने रीतसर मंजूर औद्योगिक वसाहतींमधील प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. परिणामी ज्या गावकऱ्यांची शाळा अर्जात नोंदली गेली, त्यांना त्या विशिष्ट कारखान्याविषयी बोलण्याची संधी मिळेलच असे नाही.

5. जयगड : डिसेंबर 2024

या उणिवेचा प्रत्यय रत्नागिरी जिल्ह्यातील जयगड येथे आला. 12 डिसेंबर 2024 रोजी तेथील औद्योगिक प्रकल्पाच्या परिसरातून वायू पसरला आणि जवळच्या माध्यमिक शाळेतील पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांना डोळ्यांची जळजळ, मळमळ व श्वासाचा त्रास होऊ लागल्याने रुग्णालयात हलवावे लागले. पालकांचा संताप, अधिकाऱ्यांच्या भेटी, चौकशीची घोषणा हा क्रम कोकणातील इतर औद्योगिक अपघातांनंतरच्या क्रमाहून वेगळा नव्हता. वेगळे होते ते एवढेच की, या वेळी वायू शाळेच्या वेळेत आला. डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रातील 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या दोन्ही भीषण स्फोटांच्या वेळी शाळांना उन्हाळी सुटी होती. मुले वर्गात नव्हती, याचे श्रेय दिनदर्शिकेला आहे, नियोजनाला नाही.

घातक रसायनांविषयीच्या 1989 च्या नियमांनुसार जिल्हा पातळीवर कारखान्याबाहेरील आपत्तीची योजना असावी, तिचा वर्षातून किमान एकदा सराव व्हावा आणि बाधित होऊ शकणाऱ्या बाहेरील लोकांना धोक्याची व खबरदारीची माहिती द्यावी, अशी तरतूद आहे. पस्तीस वर्षे जुनी ही तरतूद आपल्या गावात कितपत राबविली जाते, हे तपासण्याची एक सोपी कसोटी आहे : भोंगा वाजल्यावर मुलांना मैदानात न्यावयाचे की वर्गात घेऊन खिडक्या लावावयाच्या, हे शाळेच्या मुख्याध्यापकांना कोणी सांगितले आहे काय? आगीच्या वेळी जो नियम मुलांना वाचवितो, तोच वायुगळतीच्या वेळी त्यांना धोक्यात लोटू शकतो.

6. प्रतिसादाचे दुसरे प्रारूप

अन्यत्र शाळेला केंद्रस्थानी ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 1988 च्या कायद्यान्वये शाळेच्या हद्दीपासून 1000 फुटांच्या आत घातक वायू सोडणाऱ्या नव्या वा सुधारित प्रकल्पाला परवाना देण्यापूर्वी पालकांना व परिसरातील रहिवाशांना लेखी सूचना देणे बंधनकारक केले. 2008 च्या अखेरीस एका राष्ट्रीय वृत्तपत्राने शाळांभोवतीच्या औद्योगिक विषारी वायूंवर लेखमाला प्रसिद्ध केल्यानंतर तेथील पर्यावरण संस्थेने 2009 मध्ये 22 राज्यांतील साठाहून अधिक शाळांच्या आवारात हवेची मोजणी सुरू केली. सर्वच ठिकाणी धोका आढळला नाही. पण पालकांच्या शंकेला आकड्याने उत्तर मिळाले. दक्षिण कॅलिफोर्नियातील बालकांच्या दीर्घ अभ्यासाने दूषित हवेत फुप्फुसांची वाढ खुंटते हे 2004 मध्ये, तर हवा सुधारल्यावर ती वाढही सुधारते हे 2015 मध्ये दाखवून दिले. यातील दुसरा निष्कर्ष धोरणकर्त्यांसाठी अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो आशेचा आहे.

भारतात 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातील 19 शहरे आहेत. रायगड जिल्ह्यातील एकही नगर त्यात नाही. मोजणीची साधने मोठ्या शहरांकडे आणि नवे उद्योग छोट्या गावांकडे, अशी ही विभागणी आहे. जेथे मोजणी नाही तेथे तक्रारीला पुरावा नाही आणि जेथे पुरावा नाही तेथे तक्रार ‘निराधार’ ठरविणे सोपे जाते. चेंबूरला केईएमच्या नोंदींमुळे जे लाभले, ते माणगावसारख्या ठिकाणी आपोआप लाभणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, 1912 पासून सार्वजनिक तक्रारीला मिळालेला प्रतिसाद मुख्यतः स्थलांतराचा राहिला : प्रथम धूर वर नेला, नंतर उद्योग दूर नेले आणि काही ठिकाणी माणसेच हलवावी लागली. भिऱ्याच्या विजेने धुराचे मूळ बदलण्याचा मार्ग दाखविला होता; परंतु त्याचे मोल दुसऱ्यांनी चुकविले आणि पुढील धोरणाने तो मार्ग क्वचितच अनुसरला. कायद्याने मुलाच्या कानांची व व्यसनापासून त्याच्या रक्षणाची काळजी घेतली, त्याच्या श्वासाची तितकी घेतली नाही.

यावरील उपाय फार खर्चिक नाहीत. औद्योगिक क्षेत्राची आखणी होतानाच परिसरातील प्रत्येक शाळा नकाशावर दाखविणे, प्रकल्पाला संमतिपत्र देण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीला लेखी कळविणे, शाळेच्या वेळेतील हवेची वेगळी मोजणी करून ती फलकावर मराठीत लावणे आणि वायुगळतीचा सराव शाळेच्या वार्षिक नियोजनात घेणे, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. यात महाविद्यालयांनाही निश्चित वाटा उचलता येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय अभ्यासक्रमात आला आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना त्यात प्रकल्प करावा लागतो. हा प्रकल्प ग्रंथालयातून उतरवून काढण्याऐवजी विद्यार्थ्यांनी आपल्या जुन्या शाळेच्या आवारात वर्षभर नोंदी ठेवून केला, तर माणगावच्या हवेचा पहिला सलग दस्तऐवज रसायनशास्त्र, भूगोल आणि इतिहास या विभागांना मिळून तयार करता येईल. नवे कारखाने येण्यापूर्वीच्या हवेची नोंद आज ठेवली नाही, तर ती नंतर कोणत्याही प्रयोगशाळेला मिळविता येणार नाही.